बोअर तर आपण पण मारतो, मग समुद्रातल्या रिगवर एवढी माणसं कामून मरतात?

घरात कुठं एक रुपयाची नोट ठेवलेली असेल तर तिची मागची बाजू बघा. समुद्रात उभा असलेला एक लोखंडी सांगाडा दिसतो, तो 'सागर सम्राट'. १९७४ साली याच रिगनं मुंबईच्या पश्चिमेला दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त आत समुद्रात तेल शोधलं, त्यालाच आपण बॉम्बे हाय म्हणतो. ही नोट आपण पूजेच्या ताटात ठेवतो, आहेराच्या पाकिटात टाकतो, पण तिच्यावरचं चित्र कशाचं आहे हे मला पण तिकडं कामाला जाईपर्यंत माहीत नव्हतं.

मी आयटीआय फिटर. नऊ वर्षं समुद्रावर काढली, आता गावाकडं शेती अन् वेल्डिंगचं दुकान बघतो. माझ्या ओळखीतलीच लातूर, बीड, परभणीकडची बरीच पोरं सध्या ऑफशोअरला, म्हणजे समुद्रातल्या तेल-गॅसच्या कामावर आहेत, त्यामुळं टीव्हीवर रिग, बार्ज, हेलिकॉप्टर असली काही बातमी आली की माझा फोन सुरू होतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज बुडाली तेव्हा तर दोन दिवस फोन खाली ठेवता आला नाही, "भाऊ, आमचं पोरगं जिथं आहे तेच का हे?" एवढंच सगळे विचारायचे, अन् रिग कशाला म्हणतात, बार्ज कशाला म्हणतात हेच विचारणाऱ्याला माहीत नसायचं, त्यात त्याची काय चूक, कोणी सांगितलंच नाही. मागच्या आठवड्यात शेजारच्या काकू पोराचं ऑफर लेटर घेऊन ओट्यावर येऊन बसल्या, तेव्हा ठरवलं की एकदा सगळं नीट लिहून काढायचं.

आधी रिग म्हणजे काय ते बघू

आपल्याकडं उन्हाळ्यात बोअरची गाडी येते ती सगळ्यांनी बघितलीय. पानाड्या जागा दाखवतो, नारळ फुटतो, मग रात्रभर कॉम्प्रेसरचा आवाज अन् सकाळी सगळं शिवार पांढऱ्या भुकटीनं माखलेलं. पाचशे फूट, सातशे फूट, काही ठिकाणी हजारच्या पुढं. रिग म्हणजे हीच मशीन, फक्त समुद्रात उभी अन् लई मोठी, अन् तिच्यावर शंभर-सव्वाशे माणसं राहतात, झोपतात, जेवतात.

उभी राहते कशी? जिथं पाणी कमी खोल आहे, म्हणजे साधारण शंभर मीटरच्या आसपास, तिथं 'जॅक-अप' रिग चालते. तिला तीन-चार लांब पाय असतात, ते तळाला टेकवून ती स्वतःला पाण्याच्या वर उचलून घेते. बॉम्बे हायला पाणी पाऊणशे मीटरच्या आसपास आहे म्हणून तिकडं हेच बघायला मिळतं. त्याहून खोल पाण्यात तरंगत्या रिगा असतात.

यात तीन शब्दांची लोकांची नेहमी गल्लत होते. रिग भोक पाडते अन् काम झालं की दुसरीकडं जाते. प्लॅटफॉर्म कायमचा ठोकलेला असतो, तिथून वर्षानुवर्षं तेल-गॅस काढतात. बार्ज म्हणजे सपाट तळाची मोठी नाव, बऱ्याचदा तिला स्वतःचं इंजिन पण नसतं, ओढून नेऊन नांगरावर उभी करतात अन् तिच्यावर कामगारांची राहायची सोय असते. पी-३०५ ही बार्ज होती, रिग नव्हती. तुमचं लेकरू यातल्या नेमकं कशावर आहे हे माहीत असणं लई गरजेचं आहे, कारण प्रत्येकाचा धोका वेगळा.

आपल्याकडं उसळलं की आनंद, तिकडं उसळलं की अलार्म

बोअरमधून पाण्याचा फवारा वर आला की आपण नाचतो. समुद्रातल्या विहिरीतून असं काही न सांगता वर आलं तर तो जीव वाचवायचा प्रसंग असतो, अन् हा एक फरक कळला की अर्धा विषय कळला.

आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमध्ये असतं, दाब असा फारसा नसतो, मोटर लावून ओढावं लागतं. तेल अन् गॅस मात्र वरच्या सगळ्या थरांच्या वजनाखाली दाबून बसलेले असतात. तेराशे-चौदाशे मीटर खोलीवर नुसत्या पाण्याच्या उंचीचा दाब काढला तरी दोन हजार पीएसआयच्या आसपास जातो, पीएसआय म्हणजे दाब मोजायचं माप. गाडीच्या टायरमध्ये आपण तीस-बत्तीस भरतो, त्यावरून अंदाज घ्या.

मग हा दाब अडवायचा कसा? वजनानं. भोक पाडताना पाईपमधून सतत एक घट्ट चिखलासारखं द्रव आत सोडतात, त्याला रिगवर 'मड' म्हणतात, त्यात बराइट नावाची जड पावडर घालून वजन वाढवतात. खालून गॅस वर ढकलतो, वरून मडचं वजन खाली दाबतं. तराजू बरोबर असला तर सगळं शांत. मड हलकं पडलं की गॅस आत शिरतो, याला 'किक' म्हणतात, अन् किक वेळेत ओळखली नाही तर ती वर येता येता फुगत जाते अन् सगळं मड, पाईपसकट, वर फेकून देते. तो 'ब्लोआउट'. रिगवर तर इंजिनं चालू असतात, एक ठिणगी बास होते.

दुसरा पहारा केसिंगचा. आपण वरच्या मुरमापुरताच केसिंग पाईप टाकतो, तिकडं खालपर्यंत टप्प्याटप्प्यानं लोखंडी केसिंग टाकून बाहेरून सिमेंट भरतात, म्हणजे गॅसला कडेनं वाट मिळू नये.

तिसरा अन् शेवटचा पहारा म्हणजे विहिरीच्या तोंडावरची बीओपी, ब्लोआउट अडवणारी कित्येक टन वजनाची व्हॉल्व्हची चळत. तिच्यातला एक भाग रबरी मुठीसारखा पाईपभोवती आवळतो. अन् सगळ्यात शेवटी जो भाग असतो तो म्हणजे अडकित्ताच समजा, दोन पाती दोन्हीकडून येतात अन् मधला पोलादी पाईप कचकन कापून तोंड बंद करतात.

मग तीन-तीन पहारे असताना स्फोट होतो कसा?

२० एप्रिल २०१०, अमेरिकेजवळ मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' नावाची तरंगती रिग होती. खाली पाणीच दीड किलोमीटर खोल. विहीर पाडून झाली होती, आता ती तात्पुरती बंद करून रिग दुसरीकडं न्यायची होती. काम चाळीसेक दिवस लेट झालेलं, अन् नुसतं रिगचं भाडंच दिवसाला पाच लाख डॉलरच्या घरात.

केसिंगच्या पहाऱ्यातलं सिमेंट खाली नीट बसलंच नव्हतं. ते बसलंय का हे बघायला एक टेस्ट करतात, वरचं जड मड काढून हलकं पाणी भरायचं, दाब शून्यावर आणायचा अन् बघत बसायचं. दाब परत चढला तर समजायचं की खालून काहीतरी आत यायलंय. त्या दिवशी एका पाईपवर दाब चढून १४०० पीएसआय झाला, दुसऱ्या बारक्या लाईनवर मात्र शून्य. दोन मीटर दोन गोष्टी सांगायलेत. तिथल्या माणसांनी १४०० ला काहीतरी कारण चिकटवलं अन् शून्याला खरं मानलं. टेस्ट पास!

मग उरलेलं मड काढून टाकलं, म्हणजे मडच्या वजनाचा पहारा पण आपल्याच हातानं उठवला. रात्री पावणेदहाच्या सुमारास मड वर उसळलं, मागोमाग गॅस, मग स्फोट. बीओपीचा अडकित्ता पण कामी आला नाही, कारण आतला पाईप दाबानं वाकून कडेला सरकला होता, सुपारी पात्याच्या मधोमध नसली की कशी नुसती चेंगरते तसं झालं. १२६ माणसांतली ११ गेली. तेल ८७ दिवस समुद्रात वाहत राहिलं.

मला यात सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. त्याच दिवशी कंपन्यांचे मोठे साहेब रिगवर आले होते, अन् त्यांच्या भेटीतला एक विषय होता या रिगचं कौतुक, कारण सात वर्षांत कोणाची सुट्टी पडेल अशी दुखापत तिथं झाली नव्हती.

बोर्डावरचा आकडा कशाचा असतो

मी एका ठिकाणी कामाला होतो तिथं मेसच्या दारात हिरवा बोर्ड होता, 'अपघाताविना इतके दिवस', रोज सकाळी एक जण खडूनं आकडा बदलायचा. चारशेच्या पुढं गेला होता. एक दिवस गंगाखेडकडच्या एका पोराचं बोट पाईप अन् टाँगच्या मधे आलं. टाँग म्हणजे पाईप आवळायचा भला मोठा पाना, साखळीनं लटकलेला असतो. हातमोजा काढला तर नखासकट वरचं पेर मोज्यातच राहिलं. मी स्वतः बघितलंय ते, काळ्या ग्रीसमध्ये रक्त वेगळं दिसत नव्हतं, नुसतं ओलं दिसत होतं. त्याला पट्टी केली, सुपरवायझर जवळ बसून म्हणाला की तू चार दिवस स्टोअरला बस, हजेरी लागेल, सुट्टी टाकू नको, सगळ्यांचा बोनस जाईल. दुसऱ्या दिवशी बोर्डावर खडूनं एक दिवस वाढवलेला होता.

आता समजा हा आकडा अगदी प्रामाणिक असला, तरी तो मोजतो काय? कोण घसरलं, कोणाचं बोट गेलं, कोणाच्या डोक्यात काय पडलं. त्याची काळजी घ्यायलाच पाहिजे, रोजची दुखापत हीच असते. पण विहिरीत गॅस शिरायलाय का, व्हॉल्व्हची सर्व्हिसिंग झालीय का, अलार्म बंद करून ठेवलाय का, हे त्या बोर्डावर कुठंच नसतं. घराची फरशी रोज पुसून लख्ख ठेवली म्हणून सिलेंडरची नळी चांगली आहे असं कोणी म्हणत नाही ना. मोठा अपघात त्या नळीतून येतो.

परमिटचा एक कागद अन् १६७ माणसं

आपल्याकडं लाईनमन खांबावर चढायच्या आधी परमिट घेतो, म्हणजे सबस्टेशनला सांगून लाईन बंद करून घेतो, अन् तो उतरून परमिट परत करेपर्यंत कोणी फीडर चालू करायचा नाही. समुद्रावर पण अगदी हाच शब्द अन् हीच पद्धत.

६ जुलै १९८८, स्कॉटलंडच्या समुद्रात 'पायपर अल्फा' प्लॅटफॉर्म. दोन पंप होते, ए अन् बी. दिवसपाळीनं ए पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला, संध्याकाळपर्यंत काम झालं नाही म्हणून त्या तोंडावर नुसती एक झाकणी बसवून ठेवली. कागद दोन होते, एक पंपाच्या मोठ्या दुरुस्तीचा जी अजून सुरूच झाली नव्हती, अन् दुसरा व्हॉल्व्हचा. रात्री बी पंप बंद पडला. रात्रपाळीला पहिला कागद सापडला, दुसऱ्याचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पंप धड आहे समजून ए चालू केला. झाकणीतून गॅस फुटला, दहाच्या सुमारास पहिला स्फोट. आग विझवायचे पंप आपोआप सुरू व्हायला पाहिजे होते, ते पाणबुडे खाली काम करतात म्हणून हातानं चालू करायच्या मोडवर ठेवलेले, अन् तिथपर्यंत कोणाला पोचता आलं नाही. शेजारचे प्लॅटफॉर्म त्याच लाईनीत तेल-गॅस ढकलत राहिले, कारण बंद करायचा हुकूम आला नव्हता. शिकवल्याप्रमाणं राहायच्या जागेत जमून हेलिकॉप्टरची वाट बघत बसलेल्यांतली बरीच धुरानं गेली. वाचलेल्या ६१ जणांत उड्या मारणारे पुष्कळ होते. मेले १६७.

फिटर म्हणून मला हे वाचताना प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो, कारण पाळी बदलताना हातातलं अर्धं काम सोडून जेवायला पळालेला मी पण आहे.

आपल्या समुद्रात काय झालं?

२७ जुलै २००५. आदल्या दिवशीचा मुंबईचा पाऊस सगळ्यांना आठवतो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बॉम्बे हाय नॉर्थ प्लॅटफॉर्म जळाला, अन् सुरुवात झाली एका आचाऱ्याच्या कापलेल्या बोटांपासून. 'समुद्र सुरक्षा' नावाच्या जहाजावरच्या आचाऱ्याला उपचारासाठी हलवायचं होतं, हवा खराब असल्यानं हेलिकॉप्टर नव्हतं, म्हणून जहाज प्लॅटफॉर्मला लावून क्रेनच्या पाळण्यातून त्याला वर घ्यायचं ठरलं. त्याला वर घेतलं पण, पण जहाज लाटांनी प्लॅटफॉर्मवर ढकललं गेलं अन् रायझरला धडकलं. रायझर म्हणजे तळातून तेल-गॅस वर आणणारा उभा पाईप. गॅस फुटला, आग लागली, दोनेक तासांत सगळा प्लॅटफॉर्म वितळून समुद्रात. २२ माणसं गेली, ३६२ वाचवली.

यात कोणी मुद्दाम वाईट केलं नाही, उलट एका जखमी माणसाला मदत करायला सगळे धावले. पण जिथं जहाज धडकू शकतं तिथं गॅसच्या पाईपला धड संरक्षण नव्हतं, अन् ही गोष्ट आचाऱ्याचं बोट कापायच्या आधी कित्येक वर्षांपासून तशीच होती.

पी-३०५ चं उत्तर तर अजून साधं आहे. वादळाचा इशारा आधीच आला होता. तरी बार्ज तिथंच राहिली, नांगर तुटले, ती वाहत जाऊन प्लॅटफॉर्मला आदळली अन् भोक पडून बुडाली. २६१ माणसं होती, नौदलाच्या 'आयएनएस कोची', 'आयएनएस कोलकाता' अन् बाकी जहाजांनी रात्रभर त्या लाटांत एकेकाला वर ओढलं तरी सत्तरहून जास्त गेलीच.

"कामगारानंच नीट काम केलं नसेल"

हे मी पारावर पण ऐकलंय अन् साहेबांच्या तोंडून पण. चुका माणसाकडून होतातच, बारा तासांची पाळी, रात्री तीन वाजता, सतत आवाज. म्हणूनच तर तीन पहारे ठेवतात की एकाची चूक दुसऱ्यानं पकडावी. एका माणसाच्या एका चुकीनं दीडशे माणसं मरत असतील तर बाकीचे पहारे कोणी काढले ते आधी विचारायचं.

अन् प्रत्येक रिगवर नियम असतो की धोका दिसला तर कोणीही, अगदी भांडी धुणारा पण, काम थांबवू शकतो. कार्ड छापून खिशात देतात. पण जो तीन महिन्यांच्या कंत्राटावर आलाय, एजंटाला पैसे देऊन आलाय, तो हात वर करेल का? युरोपात नॉर्थ सी भागात कामगारांमध्ये यासाठी एक शब्दच पडला होता, 'एनआरबी', म्हणजे याला परत बोलवायची गरज नाही. जास्त बोललास की पुढच्या खेपेला तुझं नाव यादीत नाही. आपल्याकडं शब्द नाही, गोष्ट तीच.

मालक नेमका कोण?

हे कळायला ऊसतोड बघा. ऊस कारखान्याचा, ट्रक दुसऱ्याचा, टोळी मुकादमाची, अन् उचल घेतलेलं जोडपं धारूर-केजचं. फडात काही झालं तर कारखाना म्हणतो मुकादमाला विचारा, मुकादम म्हणतो मी कुठून देऊ.

रिगवर हेच असतं. ज्या कंपनीकडं तेलाचा परवाना तिला 'ऑपरेटर' म्हणतात. रिग दुसऱ्या कंपनीची, भाड्यानं. सिमेंट तिसऱ्याचं, मड चौथ्याचं, जेवण पाचव्याचं, हेल्पर सहाव्याचे. डीपवॉटर होरायझनवर ऑपरेटर होती बीपी ही ब्रिटिश तेल कंपनी, पण १२६ माणसांत बीपीची दहा पण नव्हती, अन् मेलेल्या ११ जणांत बीपीचा एकही नव्हता. तरी २०१४ साली कोर्टानं दोष वाटून दिला तेव्हा बीपीवर ६७ टक्के, रिगवाल्या ट्रान्सोशनवर ३० अन् सिमेंटवाल्या हॅलिबर्टनवर ३ टक्के टाकला. म्हणजे माणूस कोणाचा का असेना, निर्णय कोणाचे होते ते बघितलं.

आपल्या कायद्यात पण, १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून, हे तत्त्व आहे की कंत्राटदाराचा कामगार कामावर मेला किंवा अपंग झाला तर मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. मुकादमानं हात वर केले म्हणून विषय संपत नाही. हे फार कमी घरांना माहीत असतं.

समुद्रातल्या सुरक्षेसाठी आपल्याकडं २००८ चे वेगळे नियम आहेत, लक्ष ठेवायचं काम तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडं. हे संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाच्याच हाताखाली येतं, म्हणजे तेल वाढवा म्हणणारं अन् सुरक्षा तपासणारं घर एकच. पायपर अल्फानंतर लॉर्ड कलन यांच्या चौकशीनं १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या, त्यात ब्रिटननं नेमकी हीच दोन कामं वेगळी केली. माझं मत विचाराल तर आपण पण केली पाहिजेत.

"एवढा पगार घेतात, मग धोका आलाच की"

पगार चांगला असतो, खोटं कशाला बोलू, माझं घर त्याच पैशावर बांधलंय. पण तो पैसा कशाचा? महिना महिना घरापासून लांब राहायचा, लोखंड उचलायचा, अन् जे काम येतं त्याच्या कौशल्याचा. बंद पडलेल्या अलार्मखाली झोपायचे पैसे कोणी कोणाला दिले नाहीत अन् कोणी ते घ्यायला पण गेलं नाही. वरून कंत्राटी हेल्परचा पगार ऐकला तर हे वाक्य कोणी बोलणार नाही.

काकूंच्या हातातला कागद

परत त्या ऑफर लेटरवर येतो. वर लेटरहेड एका एजन्सीचं, खाली सही-शिक्का, मधे 'ऑफशोअर प्रोजेक्ट' एवढंच. पगार देणार कोण, रिग का बार्ज, तिचं नाव काय, किती दिवसांची पाळी, विमा किती अन् कोणाकडून, काहीच नाही. उलट ट्रेनिंगचे म्हणून साठ हजार आधी भरा. ट्रेनिंग खरंच लागतं, पाण्यात पडल्यावर जगायचं कसं, बुडालेल्या हेलिकॉप्टरच्या डब्यातून उलटं बाहेर कसं निघायचं हे शिकल्याशिवाय कोणाला तिकडं जाऊ देत नाहीत, अन् ते शिकणं चैनीचं नाही, २०२२ च्या जूनमध्ये 'सागर किरण' रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात गेलं तेव्हा नऊ जणांतले पाच वाचले. पण ट्रेनिंग सेंटरचं नाव पण त्या कागदावर नव्हतं.

पोराला म्हणलं, पैसे भरू नको, आधी फोन लाव अन् माझ्यासमोर विचार. स्पीकरवर टाकला. पलीकडचा माणूस आधी दादा-दादा करत होता, रिगचं नाव विचारल्यावर म्हणाला मुंबईला आल्यावर कळेल, पगार कोणती कंपनी देणार विचारल्यावर लाईन कट. पोरगं नाराज झालं, काकू मात्र कागद घडी घालून कमरेला खोचत म्हणाल्या, बरं झालं बाबा.

दुसरीकडून आलं तर जाईलच तो, जाऊ पण दे, काम शिकण्यासारखं आहे. काकूंनी फक्त एक विचारलं, त्याचा फोन लागला नाही तर मी लावायचा कोणाला? मग त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं स्केच पेननं तीन ओळी आखून ठेवल्या, पगार देणाऱ्या कंपनीचं ऑफिस, रिगवाल्यांचं मुंबईतलं ऑफिस, अन् सोबत कामाला असलेल्या एकाच्या घरचा नंबर. सध्या तिन्ही रिकाम्या आहेत.